सोबत क्लबची पेटी

समाजसेवेला सर्वांत आधी काय लागतं? कळवळा, माणुसकी, वेळ, असं काहीतरी तुम्ही म्हणाल. तुम्ही कधी क्लबात नव्हता हे त्यावरून लगेच कळतं. सर्वांत आधी लागतं बॅनर. बॅनर आलं नाही म्हणून भिलाईत आमची रक्तदान शिबिरं खोळंबलेली मी पाहिली आहेत. रक्त द्यायला आलेली माणसं बाह्या वर करून बसलेली, आणि अध्यक्ष फोनवर छपाईवाल्याशी भांडताहेत. बॅनरनंतर लागतो फोटोवाला, मग प्रमुख पाहुणे, मग नाश्ता. ज्याची सेवा करायची तो माणूसही लागतो, नाही असं नाही. पण तो नाश्त्याच्या आधी की नंतर, यावर आमच्यात दोन गट आहेत.

मी स्टील प्लांटमध्ये एसी आणि रेफ्रिजरेशनच्या दुरुस्तीत आयुष्य काढलं. बाकीचे भट्टीपाशी भाजून निघायचे तेव्हा मी कंट्रोल रूम थंड ठेवायचो, म्हणून भट्टीवाले मला कामगार मानायचेच नाहीत. निवृत्त झालो, सेक्टर दोनचं क्वार्टर सोडलं, रिसालीत घर बांधलं. तरी नोकरी सुटली असं म्हणवत नाही, कारण सोबत सेवा क्लबची नोकरी मला त्याच्या कितीतरी आधी लागली होती आणि तिच्यात निवृत्तीची सोय नाही. भंडारा-गोंदियाकडून प्लांटच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी इकडे आलेल्या आम्ही काही जणांनी हा क्लब काढला. परगावात कुणी एकटं पडू नये, एवढाच हेतू होता. आता क्लबला ब्लेझर आहे, अध्यक्षांच्या गळ्यात घालायची पितळी बिल्ल्यांची माळ आहे, टेबलावर आपटायला लाकडी हातोडी आहे, आणि हजेरी आहे.

हजेरी हे आमचं कुलदैवत. दर रविवारी सकाळी अकराला बैठक. माणसं येतात, सही करतात, आलूबोंडा खातात आणि घड्याळाकडे बघत बसतात. एक सदस्य हाताला सलाईनची सुई तशीच ठेवून दवाखान्यातून सही करायला आला होता. त्याला त्या वर्षी कप मिळाला. लागोपाठ चार बैठका चुकल्या की नाव गळतं. सेवा न करता तुम्हाला या क्लबात मरेपर्यंत राहता येतं. हजेरी न भरता मात्र चार रविवारांच्या पुढे राहता येत नाही.

या सगळ्या थाटात एकच गोष्ट बिनबॅनरची होती. ती म्हणजे पेटी.

पेटी म्हणजे मृतदेह ठेवायचा फ्रीजर. माणूस मावेल एवढा लांब पत्र्याचा डबा, वर काचेचं झाकण, पायथ्याशी कॉम्प्रेसर. आमच्या गावात तिची गरज का पडते ते सांगतो. भिलाईतल्या आईबापांनी पोरांना इतकं शिकवलं की एकही पोरगं भिलाईत उरलं नाही. कुणी बंगळुरू, कुणी पुणे, कुणी थेट अमेरिका. म्हातारा इकडे जातो आणि मुलगा तिकडे तिकीट शोधत असतो. तो रायपूरच्या विमानतळावर उतरेपर्यंत म्हाताऱ्याला थांबावं लागतं, आणि आमच्या उन्हाळ्यात कुणी फार वेळ थांबू शकत नाही. काम अवघड नाही. पेटी सपाट जागी ठेवायची, स्टॅबिलायझर लावायचा, पाणी निथळतं तिथे बादली ठेवायची, आणि नातेवाईकांना झाकण पुन्हा पुन्हा उघडू द्यायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

पेटीचं काम माझ्याकडे आणि प्रल्हाद रामटेकेकडे. रामटेके रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता, राहायला कोहक्यात. जिभेला धार, आणि पाठ अशी की पेटीचं डोक्याकडचं टोक तो एकटा उचलायचा. पेटी परत आली की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून ती धुवायची, असा आमचा नेम होता. आधी कडुलिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी, मग फिनाईल. एकदा मी म्हटलं, हे काम एकट्याचं आहे, आळीपाळीनं करू.

"नाही," रामटेके म्हणाला. "एकट्यानं धुतली का माणूस इचार करत बसते."

कुणबी, तेली, बौद्ध, बामण, छत्तीसगढी, मद्रासी, सगळे त्या पेटीत झोपून गेले. जन्मभर एकमेकांच्या घरचं पाणी टाळलेले लोकही त्यात होते. आतलं तापमान सगळ्यांना एकच.

गिऱ्हाइकं विचित्र असायची. एकदा भरदुपारी भट्टीवरचा एक निवृत्त फोरमन आला, सहा फुटांच्या वर उंच. म्हणाला, "पेटी दाखवा मले." मी घाबरून विचारलं, "कोण गेलं जी?" तर म्हणे, "कोणीच नाही. मी मावतो का नाही, तेवढं पायतो." टेप लावला. थोडा उरत होता. "पाय दुमडून नका ठेवू मले," तो गंभीरपणे म्हणाला. "नोकरीत कोणापुढं वाकलो नाही." शेवटी तिरपं ठेवायचं ठरलं, तेव्हा चहा पिऊन गेला. तो अजून ठणठणीत आहे आणि भेटला की लांब पेटी आली का विचारतो.

आमच्याच एका सदस्यानं मुलीच्या लग्नात पनीर ठेवायला पेटी मागितली होती. "रिकामीच त पडून हाये," हा त्याचा मुद्दा. रामटेके शांतपणे म्हणाला, "घेऊन जा नं. पण पंगतीत मी उभा राहीन, आन पनीर कायच्यातलं होय ते पाहुण्यायले मीच सांगीन." पनीर मग बर्फावर राहिलं.

असं सुरळीत चाललं होतं, तोवर नंदनवार अध्यक्ष झाले. यांचे कोचिंग क्लासेस आहेत. वय माझ्या धाकट्या भावाएवढं, निव्वळ मराठी फक्त आईशी बोलतात, बाकी जगाशी निम्मी हिंदी. आल्याआल्या त्यांना पेटीवर क्लबचं नाव नाही हे दिसलं. आठवड्याभरात पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला रंगीत स्टिकर लागला. हात जोडून हसणारे नंदनवार, आणि खाली 'सदैव आपल्या सेवेत'.

स्टिकरवाली पेटी पहिल्यांदा गेली सेक्टर दोनमध्ये, एका हेडमास्तरांसाठी. त्यांच्या घरी आलेल्या एका आजीबाईंनी मास्तरांना हार घातला, मग त्यांची नजर स्टिकरवर गेली. "हे बी संगंच गेले का जी?" त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी कळवळून नंदनवारांच्या कपाळाला कुंकू लावलं, झेंडूची माळ चिकटवली आणि समोर उदबत्ती लावली. "कसा हासरा माणूस होता," म्हणाल्या. मागून आलेल्या दोन-तीन बायकांनीही फुलं वाहिली. मी काढायला हवी होती ती माळ, पण खरं सांगतो, हात उचलला नाही. कुणाच्या तरी भाच्यानं फोटो काढला, तो फिरत फिरत नंदनवारांच्या सासुरवाडीला पोहोचला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या बायकोला सांत्वनाचे फोन सुरू झाले.

पुढच्याच बैठकीत पेटीवर ठराव आला. "इससे क्लब की निगेटिव्ह इमेज बनती है," नंदनवार म्हणाले. "आणि पेटी देताना फोटो तर काढता येत नाही. अहवालात काय दाखवणार?" पेटी भंगारात काढायची आणि बागेत क्लबतर्फे सेल्फी पॉइंट उभारायचा, असं ठरलं. टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, भंगारवाल्याला देण्यापेक्षा मला द्या.

"ले जाइए, ठवकरजी. फक्त क्लबचं नाव कुठे यायला नको."

त्या दिवशी पेटी माझ्या रिसालीच्या घरी, पोर्चमध्ये आली. माझी बायको सुमन कमरेवर हात ठेवून उभी.

"घरात मुडद्याची पेटी?"

"रिकामी आहे अगं."

"तुमी बी रिकामेच हा. म्हणून काय पोर्चमंदी ठेवू तुमाले?"

दोन दिवस पोर्चमध्ये फिरकली नाही. मग पेटीवर जुनी चादर आली, मग धुणं आलं, आणि उन्हाळा लागला तसे शेवयांसारखे सरगुंडे आणि पापड तिच्यावर वाळू लागले. सपाट जागा बायका वाया जाऊ देत नाहीत.

तोवर रामटेके बैठकांना येईनासा झाला होता. त्याच्या बायकोच्या, शकुंतलावहिनींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मधल्या दिवसांत त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं रामटेके करायचा. एकच मुलगी, माया, तिकडे कॅनडात. आईसाठी दोनदा येऊन गेली, पण नोकरी आणि लहान लेकरू टाकून किती वेळा येणार? वहिनींना आपलं काय होणार आहे ते ठाऊक होतं. मी भेटायला गेलो की उशीला टेकून विचारायच्या:

"ठवकरभाऊ, पेटी चालू हाये नं?"

"चालू आहे जी. सुमन पापड वाळवते तिच्यावर."

"वाळवू द्या. पण माह्या टायमाले खाली करा. माही माया लय दूर हाये जी. तिनं एक डाव तोंड पायलं पायजे माहं."

हसत म्हणायच्या, पण दर वेळी म्हणायच्या. मी दर आठवड्याला पेटी तासभर चालू करून बघायला लागलो.

चार रविवार झाले आणि क्लबानं रामटेकेचं नाव गाळलं. मी बैठकीत उभा राहून भांडलो. म्हटलं, ज्या माणसानं या गावातले इतके जण उचलले, त्याची बायको अंथरुणाला खिळली आहे, आणि तुम्ही त्याची हजेरी मोजता? नंदनवार म्हणाले, "भावना समझ सकता हूँ, पर रूल इज रूल." मग रामटेकेच्या आजवरच्या सेवेबद्दल टाळ्या वाजवण्यात आल्या. टाळ्यांवर आमचा खर्च होत नाही. मी जाऊन रामटेकेला सांगितलं. तो वहिनींसाठी खिचडी पातळ करत होता.

"चाला," म्हणाला. "आलूबोंडा त तसाही कच्चाच राहे मंधातून."

वैशाखात एका सकाळी त्याचा फोन आला. "ठवकर, पेटी आन," एवढंच म्हणाला. सुमननं लगेच पापड गोळा केले, चादर काढली आणि पेटी स्वतः पुसून दिली.

कोहक्याच्या घरी पुढच्या खोलीत पेटी लावली. बुद्धवंदना झाली. वहिनी आत शांत दिसत होत्या. माया निघाली होती. टोरांटोहून दिल्ली, दिल्लीहून रायपूर, परवा सकाळी घरी. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंधी आली. धुळीनं समोरचं दिसेना, पत्रे उडाले, कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि अख्खा कोहका अंधारात गेला. टाउनशिपची लाइन वेगळी, तिकडे दिवे राहतात. कोहक्यात गेली की गेली. वीज कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, आता सकाळीच.

इथे जरा धंद्यातलं सांगतो. झाकण बंद असलं तर पेटी काही वेळ थंडी धरून ठेवते. पण वैशाखातली खोली, आणि खोलीभर माणसं. घरातला इन्व्हर्टर पंखे ओढतो, कॉम्प्रेसर ओढत नाही. चालू करायला गेलो तर तो कण्हला आणि बंद पडला. बर्फाचा कारखानाही त्याच अंधारात. नातेवाईक कुजबुजू लागले. रामटेकेचा एक साळा पुढे आला.

"भाऊजी, किती वाट पायसान? आजच उरकून टाकू. पोरगी काय, फोटोत पायून घेईन."

रामटेकेनं त्याला हातानं बाजूला केलं. माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

"ठवकर, सकाळवरी टिकन का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "अशी नाही टिकणार," मी म्हटलं. "करंट पाहिजे."

बाहेर आलो तर समोरच्या रस्त्यापलीकडे अख्ख्या अंधारात एकच इमारत झगमगत होती. सामुदायिक भवन. आत आमच्याच क्लबचा शपथविधी चालला होता, कारण नंदनवार दुसऱ्यांदा अध्यक्ष होत होते. मी गेलो नव्हतो; माझी त्या वर्षीची पहिली गैरहजेरी. भवनाच्या मागे मंडपवाल्या साहूचा जनरेटर ट्रॉलीवर धडधडत होता.

घामेजलेल्या शर्टात मी तसाच आत शिरलो. मंचावर ब्लेझरांची रांग, नंदनवार माळ घालून मध्ये. मी पायरीशी जाऊन हळूच सांगितलं, रामटेकेच्या घरी असं असं झालं आहे, जनरेटर हवा.

"ठवकरजी, बस दस मिनट," ते माईकवर हात ठेवून म्हणाले. "शपथ झाली की पाहुण्यांचं भाषण, मग बघू. आणि टेक्निकली पेटी अब क्लब की नहीं है."

हे ऐकून माझ्या तोंडून जे निघालं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी सरळ मागे साहूकडे गेलो. त्याला सांगितलं. त्यानं भवनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मोर ददा बर घलो इही पेटी आय रिहिस, भइया," तो म्हणाला. त्याच्या वडिलांसाठी आम्हीच ती नेली होती, मी विसरलो होतो. त्यानं खटका खाली ओढला.

आत नंदनवार शपथ सांगत होते आणि सभागृह मागून म्हणत होतं. "मी माझ्या क्लबशी," एवढं झालं आणि माईक गेला, दिवे गेले. सभागृह अंधारात शिस्तीनं म्हणालं, "मी माझ्या क्लबशी." पुढचं कुणालाच पाठ नव्हतं.

साहूनं आणि मी ट्रॉली ढकलायला सुरुवात केली. जड होती, आणि रस्त्यावर पडलेल्या फांद्या. पन्नास पावलंही गेलो नसू, तर मागून कुणीतरी जोर लावला. बघतो तर सलाईनचा कपवाला. मग पनीरवाला आला. मग कार्यक्रमाला आलेला तो लांबलचक फोरमन आला, खाली वाकून ढकलू लागला.  एकेक करून निम्मा क्लब आला, ब्लेझरसकट, घाम गाळत, एकमेकांच्या पायावर पाय देत. सर्वांत शेवटी नंदनवार आले. ढकलायला जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी केबलचं वेटोळं खांद्यावर घेतलं. चालताना गळ्यातली माळ खणखण वाजत होती. उरलेला निम्मा क्लब अंधारात बसून राहिला, कारण जेवण अजून व्हायचं होतं.

केबल खिडकीतून आत घेतली. स्टॅबिलायझरचा दिवा लागला, कॉम्प्रेसरनं दोन उचक्या दिल्या आणि लय धरली. रामटेकेनं पेटीवर हात ठेवला. ब्लेझरवाले दारात उभे होते. कुणालाही भाषण सुचलं नाही, आणि क्लबच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. नंदनवार रामटेकेपाशी गेले आणि त्याच्याशेजारी सतरंजीवर बसले.

हे वाचून कुणाला वाटेल की माणसं बदलली. छे. दुसऱ्या दिवशी क्लबच्या ग्रुपवर ट्रॉली ढकलतानाचा फोटो आला, 'सोबत क्लबचा अभिनव उपक्रम', खाली सव्वाशे फुलं. कुणी कधी काढला देव जाणे. त्या गडबडीतही फोटोवाला विसरला नव्हता.

माया सकाळी आली. टॅक्सीतून उतरून चप्पल न काढताच आत धावली आणि काचेवर वाकली. आईचं तोंड तसंच होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. झाकण उघडू देत नाही असा माझा नियम, मी उघडलं. तिनं आईच्या गालावर हात ठेवला.

"किती थंड झाली, बाबा."

"दोन दिवस झाले," रामटेके म्हणाला, "तुयीच वाट पाहून राहिली." आणि मग तो पहिल्यांदा रडला. मीही बाहेर जाऊन जनरेटरचं डिझेल बघत उभा राहिलो, जरा जास्त वेळ.

त्याच दिवशी सगळं पार पडलं. पेटी मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये एकट्यानंच धुवायला घेतली. कडुलिंबाचं पाणी ओततो आहे, तर फाटक वाजलं. रामटेके उभा होता, बाह्या वर केलेल्या.

"अरे, तू कावून आला? माया आहे घरी, पाहुणे आहेत."

"एकट्यानं नाही धुवायची," म्हणाला आणि त्यानं ब्रश माझ्या हातातून घेतला.

आम्ही धुतली. आतला पत्रा, काच, कोपरे. तो नेहमीसारखाच घासत होता, उलट जरा जास्त. डोक्याकडच्या बाजूला स्टिकरचा डिंक अजून चिकटलेला होता, तो त्यानं नखानं खरवडून काढला. सुमननं चहा आणून ठेवला आणि आत गेली. पेटी उन्हात तिरपी करून ठेवली तेव्हा तो पायरीवर बसला, ओले हात गुडघ्यांवर.

"मिटिंग अकरालेच असते नं अजून?" त्यानं विचारलं.

"अकरालाच."

"मंग येतो रविवारी. नाव काढलं त काढलं, मांगं बसीन." त्यानं चहाचा कप उचलला, पण प्यायला नाही. "आता माही हजेरी पूरी भरन, ठवकर."